झील धरणारी

"अगं आटप लवकर, पुढं जागा मिळायची नाही," सासूबाई कुजबुजल्या.

मी डोळे चोळत बाहेर आले, तर त्या हॉलमधल्या खुर्चीवर तयार होऊन बसलेल्या. अंगावर ठेवणीतलं इरकल, वर शाल, आणि पायांत चपला. घरात चपला घालून बसलेल्या त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही. पाडव्याची पहाट होती आणि गल्लीत अजून कुत्रंही जागं झालेलं नव्हतं.

"आई, दिवाळी पहाट आहे. फुकट कार्यक्रम, त्यात गिटार वाजवणारा म्हातारा. तिथं कोण रेटारेटी करणार आहे?"

"तू ऐकलेलं नाहीस त्याला."

"ऐकलंय की. कॉलेजात कॅसेट होती आमच्याकडं."

"कॅसेटवर काय कळतं!" त्या म्हणाल्या आणि उठल्याच.

आतून श्रीधर, म्हणजे माझा नवरा, "दार ओढून घ्या गं" एवढं म्हणाला आणि कुशीवर वळला. पाडव्याचं ओवाळून घ्यायला तरी उठशील का, असं मी विचारणार होते. पण सासूबाई तोवर जिना उतरून खाली गेल्या होत्या.

इथं त्यांच्या आवाजाचं सांगायला हवं. गळ्यातली गाठ काढल्यापासून त्यांचा आवाज गेला होता. म्हणजे बोलायच्या त्या, पण नुसती कुजबुज. शेजारी बसलं तर ऐकू यायची, दोन हात लांब गेलं की संपलं. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून माझी एक बिनपगारी नोकरी ठरून गेली होती. त्या कुजबुजायच्या आणि मी ते मोठ्यानं म्हणायचं. भाजीवाल्याला, फोनवर, पाहुण्यांना. त्यांचे थोरले भाऊ अनंतमामा कानानं अगदी कमी. ते आले की माझा घसाच बसायचा. एकीला आवाज नाही आणि दुसऱ्याला कान नाहीत, मध्ये मी. भावाबहिणींची भांडणंसुद्धा माझ्या तोंडून व्हायची.

नागेश हिंगमिरेंच्या कार्यक्रमाचं पत्रक आठवडाभर आधी पेपरातून आलं होतं. हिंगमिरे म्हणजे हलगी, संबळ आणि तुणतुण्यासोबत गिटार घेऊन उभा राहणारा पहिला माणूस, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. पुण्यामुंबईची पोरं त्यांच्या मैफलींना नाचायची. मूळचे आमच्याच बाजूचे, पण आमच्या सांगलीत इतकी वर्षं पाऊल टाकत नव्हते; हा पहिलाच कार्यक्रम. मी ते पत्रक स्वयंपाकघरात नेलं तेव्हा सासूबाई चकल्या तळत होत्या. फोटो बघितला आणि झारा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सगळा घाणा जळला.

"ह्याच्या मागं मी झील धरायची," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. एलआयसीतल्या साहेबाची विधवा, चतुर्थी पाळणारी बाई, आणि ही म्हणते मी शाहिराच्या मागं उभी राहून गायची! मग कळलं ते असं. लग्नाआधी त्यांचं नाव सुगंधा. सासरी आल्यावर मालती झालं आणि सुगंधा म्हणणारं कुणी उरलं नाही. ही सुगंधा तासगावहून सांगलीच्या कॉलेजात यायची आणि तिथल्या कलापथकात गायची. हिंगमिरे पुढं आणि ती मागं. मुंबईला पहिलं रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा घरी कुणकुण लागली. वडिलांनी, म्हणजे आबांनी, कॉलेज बंद केलं आणि चारच दिवसांत ते स्वतःच हार्टफेलनं गेले. घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत तरी उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं कोण थांबतंय? सुगंधाची मालती होऊन गेली.

"मग आता जाऊन काय करायचंय?" मी विचारलं होतं.

"एकच विचारायचंय. मी आले नाही, तर एकदा तरी चौकशीला का आला नाहीस? तासगाव काय लंडनला होतं? मेली का जगली, एवढं तरी बघायचंस."

हे बोलताना त्यांनी झारा कढईवर आपटला. एवढी वर्षं पोटात ठेवलेला राग होता तो. टीव्हीवर हिंगमिरे दिसले की त्या चॅनल का बदलायच्या, हे मला तेव्हा समजलं.

रिक्षात मी म्हणाले, "आई, झील म्हणजे नक्की काय हो? मागून जी जी करायचं तेच ना?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जीभ चावली. मग जवळ सरकून कानाशी बोलायला लागल्या.

"कडव्याच्या शेवटी शाहिराचा श्वास संपतो. तेव्हा त्याचा शेवटचा शब्द आपण उचलायचा. तो श्वास भरून घेईपर्यंत शब्द खाली पडू द्यायचा नाही. कधी लवकर भरतो, कधी वेळ लागतो. किती ओढायचं ते आधी ठरत नसतं. त्याच्या तोंडाकडं नाही, छातीकडं बघायचं. छाती भरली की सोडायचं."

"आणि श्वास लवकर आलाच नाही तर?"

"तर थांबायचं. झील धरणारी बाई आधी सोडत नाही."

नदीकाठच्या मैदानावर माझा अंदाज साफ चुकला. खुर्च्या भरत आल्या होत्या. उटण्याचा आणि अत्तराचा घमघमाट, नवे झब्बे, नव्या साड्या, मागं कॉलेजची पोरं उभी. आम्हाला तिसऱ्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. सासूबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

हिंगमिरे आले तेव्हा लोक उभे राहिले. उंच माणूस, पण खांद्यात वाकलेला. पांढरे केस मानेवर, साधा खादीचा सदरा, गळ्यात गिटार. त्यांच्या मागं हलगीवाला, संबळवाला, तुणतुण्यावर एक पोरगेला मुलगा, आणि बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेला साउंडवाला. म्हातारा माइकपाशी आला, तुणतुण्याची तार ऐकली, तिच्यावर गिटार लावली आणि एकदम हात मारला.

कॅसेटवर खरंच काही कळत नाही. हलगी अशी कडाडली की खुर्ची हलली, आणि तिच्यावरून ती गिटार सुसाट गेली. आवाज फाटलेला होता, पण कमावलेला होता. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी वळून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या डोळे बारीक करून बघत होत्या.

"दम लागतोय त्याला," त्या म्हणाल्या.

मला तरी काही दिसलं नव्हतं. पण मग मीही बघायला लागले. प्रत्येक कडव्यानंतर ते गिटारचा तुकडा वाजवायचे आणि तो तुकडा दर वेळी थोडा लांबत होता. लोकांना ती कलाकारी वाटत होती. तेवढ्यात म्हातारा तोंड फिरवून श्वास गोळा करून घ्यायचा.

तासाभरानं उजाडलं. मांडवातले आकाशकंदील फिके दिसायला लागले. हिंगमिरे पाणी प्यायले, स्टुलावर बसले, आणि माइक जवळ ओढला.

"शेवटचं गाणं कृष्णामाईचं," ते म्हणाले. "हे गाणं म्या कुठंबी गायलं तरी मागचा आवाज टेपवरचा असतोय. लोक इचारत्यात, मास्तर, एवढी पोरं हायत तुमच्याकडं, मग टेप कशापायी? आजवर सांगितलं न्हाई. पर ही तिची नदी हाय, म्हणून सांगतो."

सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर आला.

"सुगंधा तोडकर तिचं नाव. माझ्यामागं झील धरायची. असली झील म्या पुन्यांदा ऐकली न्हाई. मुंबईला जायचं ठरलं आन् ती यायची बंद झाली. आठ दिस वाट बघितली, मग सायकल घेऊन तासगावला गेलो. दार तिच्या भावानं उघडलं. डोक्याचं मुंडण केलेलं. आत कोपऱ्यात दिवा, दक्षिणेला तोंड करून. म्या इचारलं, सुगंधा? त्यानं मान खाली घातली."

हिंगमिरेंनी स्टुलावरून पुढं सरकून माइक धरला.

"पुढं काय इचारणार? पायरीवरनंच मागं फिरलो. पुलावर सायकल लावून लई रडलो आन् मग सांगलीत पाय ठेवू वाटला न्हाई. ही टेप तालमीतली हाय. तिचं एवढंच माझ्यापाशी हाय. आज तिच्याच नदीकाठी तिला ऐका."

शेजारी बसलेली बाई जिवंत होती. मी उठून ओरडणारच होते, अर्धी उठलेही. सासूबाईंनी मला असं खाली ओढलं की माझी बांगडी फुटली. त्यांच्या अंगात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "ते मुंडण आबांसाठी होतं. दिवा आबांचा होता. वृषाली, मी आत होते. माजघरात होते मी! सायकलची घंटी ऐकली मी. कोण आलं होतं म्हणून विचारलं, तर दादा म्हणाला, पेपरवाला."

वर हलगी थांबली होती. नुसतं तुणतुणं चालू होतं. हिंगमिरेंनी डोळे मिटून सुरुवात केली.

"कृष्णाकाठी उभी राहुनी हाक कुणाला देऊ गं,
पाणी नेतं वाहून सारं, मागं काय मी ठेवू गं..."

आणि स्पीकरमधून ती आली. टेपची खरखर, आणि त्यातून बावीस वर्षांच्या मुलीचा आवाज. 'ठेवू गं' तिनं उचललं आणि वर नेलं. कोवळा नव्हता तो आवाज, धारदार होता, सरळ नदीपार जाईल असा. ज्या बाईची कुजबुज मी तीन वर्षं लोकांना मोठ्यानं सांगत आले होते, तिला हा आवाज होता. मला रडू आवरेना.

पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्याला हिंगमिरे जरा उशिरा आले. तिसऱ्याच्या शेवटी त्यांना खोकला आला. 'गं' त्यांनी कसाबसा सोडला आणि मान फिरवली. टेपवरच्या मुलीनं शब्द उचलला आणि जेवढा ओढायचा तेवढाच ओढला. पंचविशीतल्या पोराची छाती भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग ती थांबली. म्हाताऱ्याचा श्वास अजून आला नव्हता. ते माइकसमोर तोंड उघडं टाकून बसले होते आणि मैदानात नुसतं तुणतुणं वाजत होतं.

माझ्या कानाशी कसलासा आवाज आला. सासूबाई झील धरत होत्या. टेप जिथं थांबली तिथून पुढं. सूर नव्हता, नुसती हवा होती, 'गं' म्हणून ओठांतून निघणारी. नजर हिंगमिरेंच्या छातीवर. ती छाती वर जात नव्हती आणि या थांबत नव्हत्या. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या रांगेतून स्टेजवर पोचायला तो आवाज कुठला? माझ्यापलीकडच्या माणसालाही तो ऐकू गेला नाही.

शेवटी हिंगमिरेंनी हात वर करून साउंडवाल्याला थांबवलं आणि गाणं तिथंच सोडलं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. त्यांना वाटलं, आठवणीनं म्हातारा गहिवरला.

स्टेजमागं गर्दी होती. हिंगमिरे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दम्याचा पंप ओढत होते. पोरं फोटो काढून निघून जात होती. आमची पाळी आली तेव्हा सासूबाई त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. आता ओळखतील, आता ओळखतील.

"बोला, बाई," ते म्हणाले.

"ती टेप थांबत नाही तुमच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या.

हिंगमिरे पुढं वाकले. "काय म्हणताय? थंडी बाधली वाटतं. घसा पार बसलाय तुमचा. ज्येष्ठमध धरा तोंडात."

मी सासूबाईंचं वाक्य मोठ्यानं म्हणाले. ते हसले.

"तिचा काय दोष? ती अजून बावीस वर्सांची हाय. म्या म्हातारा झालो, हे तिला कोण सांगणार?"

"ती असती तर..." सासूबाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मोठ्यानं म्हणायला पुढं शब्द नव्हते.

पण या खेपेला हिंगमिरेंना ऐकू गेलं असावं. "ती असती तर थांबली असती," ते म्हणाले. "तेवढं मला ठावं हाय. म्हणून तर ती टेप घिऊन फिरतो."

"काका, या..." मी बोलायला लागले. सासूबाईंनी माझा हात दाबला. मग त्यांनी हिंगमिरेंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तिसरं कडवं सोडत जा." ते मी मोठ्यानं सांगितलं. हिंगमिरेंनी मान डोलावली, आणि मागचा मुलगा फोन पुढं करून फोटोला उभा राहिला.

रिक्षात मी भांडलेच. "का नाही सांगितलंत? एवढ्यासाठीच आलो होतो ना आपण?"

"विचारायला आले होते. उत्तर मिळालं."

"पण तुम्ही जिवंत आहात, आई!"

"कशानं सिद्ध करू?" त्या म्हणाल्या. "ह्या आवाजानं? त्याच्याकडं ती एकच आहे, वृषाली. मी सुगंधा म्हणून समोर उभी राहिले असते तर तीही गेली असती. मग तो कुणासाठी गाईल?" मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "एवढी वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. तो सायकलवरून आला होता."

घरी आल्यावर त्यांनी इरकल घडी घालून ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. तशाही त्या फारसं बोलत नसत, त्यामुळे श्रीधरला वेगळं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या बहिणीकडे कोल्हापूरला गेला.

भाऊबीजेला अनंतमामा आले ते दर वर्षीसारखे. तासगावची एसटी, हातात बेदाण्याची पिशवी, बहिणीला साडी, कानाचं मशीन खिशातल्या डबीत. माणूस वाईट नव्हता. सासरे गेल्यावर श्रीधरची फी त्यांनी भरली होती. सासूबाईंच्या ऑपरेशनला रात्रंदिवस बसून होते. पाटावर बसता बसता म्हणाले, "वृषाली, जिलेबी केलीस का नाही? का पुन्हा श्रीखंडावर भागवणार?"

मी हसले, पण हसू काही खरं आलं नाही. पाटाभोवती रांगोळी होती. सासूबाई ताट घेऊन समोर बसल्या. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. त्यांनी करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं, हात पुढं केला, आणि कपाळापाशी नेऊन थांबवला. मग काहीतरी कुजबुजल्या.

"काय म्हणते ही?" मामांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं.

मी ऐकलं होतं. मी निरांजनाची वात सारखी करायला गेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कुणी माझ्याकडे इतक्या आर्जवानं पाहिलं नाही. मग मी ते उचललं.

"मामा," मी म्हणाले, आणि माझा आवाज खिडकीबाहेर गेला असेल इतका चढला. "आई विचारतायत, दादा, मी मेले कधी? हिंगमिरे दारात आला होता, तेव्हा मी माजघरात होते ना?"

मामांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तोंड उघडलं, "सुगंधा..." म्हणाले. त्या नावानं त्या घरात त्यांना पहिल्यांदाच कुणी हाक मारली. ओठ नुसते हलत राहिले.

आणि त्यांनी मान खाली घातली.

हनुवटी छातीला टेकेपर्यंत. कपाळ दिसेनासं झालं. टिळा लावायला जागाच राहिली नाही. सासूबाई बोटावर कुंकू धरून तशाच बसून होत्या. हात त्यांनी मागं घेतला नाही. त्या मामांच्या छातीकडे बघत होत्या. निरांजनातलं तूप संपत आलं तरी मामांनी मान वर केली नाही, आणि त्या थांबूनच राहिल्या.